कोहातली वाचनयादी : प्राध्यापकांनी काय द्यायचं, काउंटरने काय करायचं

सत्र सुरू होऊन पंधरा दिवस झाले की देवघेव काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पुस्तक भेटनं नही." अभ्यासक्रमात संदर्भ म्हणून छापलेल्या पुस्तकाच्या तीन प्रती, वर्गात साठ पोरं, आणि तिन्ही प्रती पहिल्याच आठवड्यात घरी गेलेल्या. त्यातली एक तर ज्यांनी यादी दिली त्या सरांच्याच नावावर.

कोहामध्ये, म्हणजे ग्रंथालयाचं काम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, यावर सोय आहे, तिचं नाव कोर्स रिझर्व्ह्ज, म्हणजे अभ्यासक्रमासाठी राखून ठेवलेल्या प्रती. पण सॉफ्टवेअर बसवलं की ती आपोआप चालू होत नाही. 'यूजकोर्सरिझर्व्ह्ज' हे सिस्टिम प्रेफरन्स, म्हणजे कोहातलं सेटिंग, मुळात बंद असतं, ते मुद्दाम चालू करावं लागतं. मग ते कुणी करत नाही, आणि वाचनयादी नोटीस बोर्डावर कागदाच्या रूपात पिवळी पडत राहते.

आधी एक घोळ मिटवू. कोहात 'लिस्ट' वेगळी आणि 'कोर्स रिझर्व्ह' वेगळं. लिस्टमध्ये शीर्षकं असतात, रिझर्व्हमध्ये प्रती असतात. लिस्ट कोणताही वाचक ओपॅकवरून (वाचकांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथसूचीवरून) आपल्या लॉगिनने करू शकतो: पुस्तक शोधायचं, चौकटीत टिक करायची, 'ॲड टू लिस्ट' म्हणायचं. ती खाजगी ठेवता येते, आणि ग्रंथालयाने परवानगी दिली असेल तर सार्वजनिकही करता येते. पण लिस्टमध्ये नाव आलं म्हणून पुस्तकाच्या देवघेवीत तसूभरही फरक पडत नाही. रिझर्व्हमध्ये मात्र एका विशिष्ट बारकोडची, म्हणजे एका विशिष्ट दाखल क्रमांकाची प्रत अभ्यासक्रमाला बांधली जाते. सत्रापुरता तिचा प्रकार बदलतो, जागा बदलते, मुदत बदलते, आणि सत्राअखेर यादी बंद केली की ती मूळ रूपात परत येते. पुढच्या बहुतेक चुका 'प्रत' आणि 'पुस्तक' यांची गल्लत केल्यामुळेच होतात.

प्राध्यापकांना ओपॅकवरून रिझर्व्हमध्ये स्वतः काही जोडता येत नाही. त्यासाठी कर्मचाऱ्यांच्या बाजूचं लॉगिन आणि तीन परवानग्या लागतात: अभ्यासक्रम तयार करण्याची, रिझर्व्ह जोडण्याची, रिझर्व्ह काढण्याची. विभागप्रमुखांना पहिल्या दोन देता येतात, पण हे लॉगिन विभागातल्या सामाईक संगणकावर उघडं राहतं, हा त्यातला धोका. माझ्या मते सोयीचा मार्ग असा: सरांनी किंवा मॅडमनी ओपॅकवर लिस्ट तयार करावी, ती ग्रंथालयाला ईमेल करावी, आणि कोणत्या प्रती बांधायच्या ते काउंटरने ठरवावं. कोणती प्रत पानं सुटलेली आहे, कोणती बायंडिंगला गेलीय, हे काउंटरलाच माहीत असतं.

ज्यांना लिस्ट नको, एक्सेलच हवं, त्यांनी निदान रकाने पुरे भरावेत. पेपरचा संकेतांक, पेपरचं नाव, लेखक, शीर्षक, आवृत्ती आणि वर्ष, आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक), प्रकरण किंवा पानं, अनिवार्य की पूरक, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. शेवटचा रकाना सगळे गाळतात. पण पहिल्या अंतर्गत चाचणीपुरतंच लागणारं पुस्तक सहा महिने काउंटरमागे कोंडून ठेवण्यात काय अर्थ आहे?

एक्सेलची एक खोड सांगून ठेवतो. तेरा आकडी आयएसबीएन सरळ टाइप केला की एक्सेल त्याला मोठी संख्या समजतं आणि ९.७८ नंतर काही आकडे आणि ई+१२ असं काहीतरी दाखवतं. ती फाइल त्याच अवस्थेत सीएसव्ही, म्हणजे साधी मजकूर फाइल, म्हणून जतन केली तर मागचे आकडे कायमचे गेले. बारकोडचंही तेच. प्रतीवर ००४५१२ असेल तर एक्सेलमध्ये ४५१२ उरतो आणि कोहा म्हणतं, असा बारकोडच नाही. उपाय एकच, आणि तो टाइप करण्याआधी करायचा: रकाना निवडून त्याचं स्वरूप 'टेक्स्ट' करायचं. नंतर टेक्स्ट केलं तर गेलेली शून्यं परत येत नाहीत. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच मराठी पाठ्यपुस्तकांवर आयएसबीएनच नसतो, किंवा दोन आवृत्त्यांवर एकच असतो. अशा वेळी आयएसबीएनवर विसंबू नये, दाखल क्रमांक विचारून घ्यावा.

आता मांडणी. प्रेफरन्स चालू केलं की ऑथराइज्ड व्हॅल्यूजमध्ये, म्हणजे कोहातल्या ठरावीक पर्यायांच्या याद्यांमध्ये, दोन गट भरायचे: 'डिपार्टमेंट' आणि 'टर्म'. डिपार्टमेंट रिकामं असेल तर अभ्यासक्रम तयारच होत नाही, पहिला खोळंबा इथेच होतो. प्रत्येक मूल्याला एक संकेत असतो आणि एक वर्णन. संकेत छोटा आणि कायमचा ठेवा, 'मराठी विभाग' की 'मराठी व भाषा विभाग' हा बदल वर्णनात करा. वर्णन बदललं की सगळीकडे बदलतं. संकेत बदलला तर जुने अभ्यासक्रम पोरके होतात. टर्मचं वर्णन '२०२५-२६ सत्र १' असं सरळ ठेवावं. 'हिवाळी' आणि 'उन्हाळी' या शब्दांत परीक्षा की सत्र, हा वाद दर वर्षी होतो.

मग 'न्यू कोर्स'. विभाग, संकेतांक, अभ्यासक्रमाचं नाव या तीन गोष्टी अनिवार्य. तुकडी असेल तर सेक्शनमध्ये लिहायची. प्राध्यापकांचं नाव नुसतं टाइप करून चालत नाही. ते ग्रंथालयाचे सभासद म्हणून नोंदलेले हवेत, तरच शोधात नाव येतं आणि निवडता येतं. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचं सभासदत्व पुष्कळदा अजून काढलेलंच नसतं, म्हणून त्यांचं नाव सापडत नाही. आधी ते काम उरकून घ्यावं. विद्यापीठाने अभ्यासक्रम बदलला की संकेतांक बदलतात, पेपरचं नाव मात्र बऱ्याचदा तेच राहतं. म्हणून जुन्या अभ्यासक्रमात नवा संकेतांक घुसवण्यापेक्षा नवा अभ्यासक्रम उघडावा, नाहीतर तिसऱ्या वर्षाची मागे राहिलेली मुलं आणि नवी मुलं एकाच यादीवर येतात.

'ॲड रिझर्व्ह्ज' दाबून बारकोड स्कॅन केला की खरा पडदा उघडतो. प्रतीचा प्रकार, कलेक्शन, शेल्फची जागा, मूळ ग्रंथालय, सध्याचं ग्रंथालय असे रकाने, आणि प्रत्येकाला 'आहे तसंच ठेवा' हा पर्याय. एकच ग्रंथालय असलेल्या कॉलेजात दोनच बदलायचे. प्रकार 'रिझर्व्ह' आणि जागा 'रिझर्व्ह कपाट, काउंटरमागे'. बाकी हात लावू नका. सार्वजनिक टिपेत विद्यार्थ्याला कामाचं तेवढंच लिहा. उदाहरणार्थ :

"प्रकरण ३ व ५. पाने ४१ ते ८८. पहिल्या चाचणीसाठी. दुसरी आवृत्ती चालेल, पाने थोडी पुढेमागे असतील."

ही टीप ओपॅकवर पुस्तकाच्या ओळीतच दिसते. 'उपयुक्त संदर्भग्रंथ' असलं काही लिहायची गरज नाही. यादीत आहे म्हणजे उपयुक्त आहेच. खूप प्रती एकदम जोडायच्या असतील तर 'बॅच ॲड'मध्ये एका ओळीत एक असे बारकोड चिकटवता येतात. मात्र त्या सगळ्यांना एकच टीप लागते, त्यामुळे पानांचे आकडे नंतर एकेका नोंदीत भरावे लागतात.

हे सगळं झालं आणि पुस्तक अजून रॅकवरच आहे, असं होतं. सॉफ्टवेअरने जागा बदलली, पुस्तकाने बदलली नाही. प्रती स्कॅन करतानाच कण्यावर रंगीत पट्टी चिकटवून त्या काउंटरमागच्या कपाटात नेऊन ठेवायच्या. सेमिस्टरप्रमाणे पट्टीचा रंग वेगळा ठेवला तर सत्र संपताना वेचायला सोपं जातं. सेलोटेप वापरू नका, जळगावच्या मे महिन्यात त्याचा चिकटा कापडी बायंडिंगवर कायमचा बसतो. पुट्ठ्याची पट्टी पुस्तकात खोचली तरी चालतं.

आता मुदतीचे नियम, इथे सगळ्यात जास्त गडबड होते. 'आयटम-लेव्हल आयटाइप्स' हे प्रेफरन्स 'प्रत' या पर्यायावर हवं, तरच देवघेव प्रतीच्या प्रकारावर चालते. मग देवघेवीच्या नियमांत रिझर्व्ह प्रकारासाठी एकक 'तास', मुदत २, एका वेळी १ पुस्तक, आगाऊ मागणी शून्य, नूतनीकरण शून्य.

एवढं करूनही सरांच्या नावावर तेच पुस्तक ९० दिवसांसाठी जातं. कारण नियमांचा अग्रक्रम. एकाच ग्रंथालयात कोहा आधी 'हाच सभासद वर्ग, हाच प्रकार' असा नियम शोधतं. तो नसेल तर 'हाच सभासद वर्ग, सर्व प्रकार', आणि त्यानंतर 'सर्व वर्ग, हाच प्रकार'. म्हणजे 'प्राध्यापक, सर्व प्रकार, ९० दिवस' असा जुना नियम असेल तर 'सर्व वर्ग, रिझर्व्ह, २ तास' या नव्या नियमापर्यंत कोहा पोचतच नाही. विद्यार्थ्यांचंही तेच, 'विद्यार्थी, सर्व प्रकार, १५ दिवस' हाच लागू होतो. म्हणून रिझर्व्हचा नियम प्रत्येक वर्गासाठी स्वतंत्र ओळीत लिहायचा: पदवी, पदव्युत्तर, संशोधक, प्राध्यापक, शिक्षकेतर. पाच ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात. 'रिझर्व्ह चालत नाही' म्हणून तक्रार आली की सगळ्यात आधी हेच तपासावं.

दोन तास का? हिशोब मांडून बघा. ग्रंथालय १० ते ५ उघडं. दोन तासांच्या मुदतीत एका प्रतीच्या दिवसात तीन पूर्ण फेऱ्या होतात, १० ते १२, १२ ते २, २ ते ४. दोन प्रती म्हणजे सहा फेऱ्या. संध्याकाळी बंद होताना दोन्ही प्रती रात्रीपुरत्या दिल्या तर आणखी दोन. दिवसाला आठ. साठ जणांच्या वर्गात प्रत्येकाच्या हाती एकदा पुस्तक यायला आठ कामाचे दिवस लागतात. पंधरा दिवसांची मुदत ठेवली तर याच दोन प्रती तेवढ्या काळात दोघांच्या हाती जातात. हा आकडा विभागाच्या बैठकीत मांडला की 'मुदत वाढवा' म्हणणारे आपोआप गप्प बसतात.

पण हा हिशोब शहरातल्या पोरांचा. पारोळा, चोपडा, धडगाव, अक्कलकुवा अशा भागांतल्या गावांहून एसटीने येणाऱ्या, किंवा सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करणाऱ्या मुलांना दुपारची गाडी धरायची असते. त्यांना १० ते १२ तासिका, १ वाजता स्टँड, त्यामुळे दोन तासांची फेरी मिळतच नाही, आणि संध्याकाळी ५ वाजता रात्रीपुरती प्रत घ्यायला ती हजर नसतात. त्यांच्यासाठी एक प्रत 'रात्रीची' म्हणून वेगळी ठेवावी, जी दुपारी १२ वाजल्यापासून नेता येईल आणि दुसऱ्या दिवशी ११ वाजता परत द्यायची. सकाळी ९ ची वेळ ठेवू नये, पहिली गाडी उशिरा आली की दंड त्या पोराला बसतो. देवघेवीच्या पडद्यावर 'स्पेसिफाय ड्यू डेट' चालू केलं की तारीख आणि वेळ हाताने भरता येते. त्यासाठी वेगळा प्रकार करायची गरज नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी घसरते, तेव्हा ही रात्रीची प्रत दोन-दोन दिवस कुणी मागत नाही. तेवढ्यापुरती ती दिवसाच्या फेऱ्यांत टाकावी.

दंडाचा नियम तासावर ठेवायचा असेल तर 'कॅल्क्युलेटफाइन्सऑनरिटर्न' चालू असू द्या. एरवी दंड रात्रीच्या स्वयंचलित कामात मोजला जातो आणि दुपारी तीन तास उशिरा आलेलं पुस्तक दंडाविना सुटतं. रविवार आणि सुट्ट्या कोहाच्या कॅलेंडरमध्ये भरलेल्या असाव्यात आणि 'फाइन्सकॅलेंडर' बंद दिवस वगळण्यावर असावं. नाहीतर शनिवारी संध्याकाळी नेलेल्या पुस्तकावर सोमवारपर्यंतचे सगळे तास चढतात, आणि काउंटरवर वाद घालणारा विद्यार्थी बरोबर असतो.

काही बारीक अडचणी थोडक्यात.

आधीच कुणाकडे असलेली प्रत रिझर्व्हला जोडता येते, पण तिची परतीची तारीख बदलत नाही. जोडण्याआधी परत मागवा.

एकच प्रत दोन अभ्यासक्रमांना जोडलेली असेल तर तिचा प्रकार आणि जागा दोन्हीकडे सामाईक असतात. इतिहासाच्या यादीतून बदल केला की तो मराठीच्या यादीतही होतो. आणि अशी प्रत मूळ रूपात तेव्हाच परत येते जेव्हा तिचे सगळे अभ्यासक्रम बंद होतात. 'आमचा कोर्स बंद केला तरी पुस्तक रिझर्व्हच दिसतंय' याचं कारण बहुतेक वेळा दुसऱ्या विभागाची चालू यादी असतं.

रिझर्व्ह चालू असताना कुणी तालिकीकरणात (पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या भागात) जाऊन प्रतीचा प्रकार बदलला, तर यादी बंद केल्यावर कोहा त्याच्याकडे साठवलेलं जुनं मूल्य परत बसवतं. केलेली दुरुस्ती पुसली जाते. असा बदल यादी बंद झाल्यावरच करावा.

शोधात पुस्तक सापडत नाही म्हणून ते ग्रंथालयातच नाही, असं समजू नका. 'ॲ' हे अक्षर संगणकात दोन तऱ्हेने लिहिलं जातं, एकच अक्षर म्हणून किंवा 'अ' आणि चंद्र वेगळे असे. 'ऱ्य'चंही तसंच. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला ती वेगळी. त्यात जुन्या फाँटमधून आणलेल्या नोंदी आणखी वेगळ्या. झेब्राची, म्हणजे कोहाच्या शोधयंत्राची, अनुक्रमणिका आयसीयू या बहुभाषी पद्धतीने नसेल तर देवनागरी शोध तसाही लंगडतो. लेखकाचं नाव 'वि. का. राजवाडे' शोधताना 'राजवाडे' एवढंच टाका, नोंद 'राजवाडे, विश्वनाथ काशिनाथ' अशी असू शकते. खानदेशच्या इतिहासाच्या यादीत तर भूगोलाचाच गोंधळ: १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. एकाच प्रदेशावरची पुस्तकं इतक्या नावांखाली विखुरलेली असतात, म्हणून विषय शीर्षक प्रत्येक नावाने तपासावं लागतं.

जे पुस्तक आपल्याकडे नाहीच, त्याचं काय? कोहाच्या नव्या आवृत्त्यांत प्रतीशिवाय नुसती ग्रंथनोंद अभ्यासक्रमाला जोडता येते. जुन्या आवृत्तीत नाममात्र प्रत तयार करून तिला 'देवघेवीसाठी नाही' असं ठरवावं लागतं. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी जाऊन पाहावं लागेल असं साधन असेल तर सार्वजनिक टिपेत तसं स्पष्ट लिहावं: 'आपल्या संग्रहात नाही, धुळे येथे जाऊन पाहावे, आधी चौकशी करावी'. जे साधन जालावर खुलं आहे त्याचा पत्ता ग्रंथनोंदीच्या ८५६ क्षेत्रात (दुव्यासाठीच्या रकान्यात): 'यू' या उपक्षेत्रात दुवा, 'वाय'मध्ये दिसायचा मजकूर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशवरचा बारावा खंड १८८० चा आहे. त्यावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही, त्यामुळे त्याचा दुवा निर्धास्त द्यावा. मात्र दुवा त्या ग्रंथाच्या पानाचा द्या, पीडीएफ फाइलचा थेट नको. फाइलचे पत्ते बदलतात, आणि तालुक्याच्या गावी मोबाइलवर एवढी मोठी फाइल उतरवताना पोराचा दिवसाचा डेटा संपतो.

नव्या पुस्तकांच्या झेरॉक्सबद्दल प्राध्यापक दर सत्रात विचारतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना सूट आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात ही सूट अभ्यासक्रमासाठी बांधलेल्या वाचन-संचांनाही लागू केली. त्याच कलमात ग्रंथालयासाठी वेगळी तरतूद आहे: जे पुस्तक भारतात विक्रीस उपलब्ध नाही त्याच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालय स्वतःसाठी करू शकतं. पण बाजारात मिळणारं अख्खं पुस्तक स्कॅन करून खुल्या ओपॅकवर टांगणं यातल्या कशातच बसत नाही. नेमलेली दोन प्रकरणं वर्गासाठी संच म्हणून ठेवावीत. तो संच रिझर्व्हमध्ये बारकोड लावून एक प्रत म्हणूनच जोडावा, म्हणजे त्याचीही देवघेव मोजली जाते.

मोजण्यावरून आठवलं. रिझर्व्हची पुस्तकं पुष्कळदा टेबलावरच वाचून तिथेच ठेवली जातात, कुणी काउंटरवर नोंदवत नाही. 'रेकॉर्डलोकलयूजऑनरिटर्न' चालू ठेवून टेबलावरची पुस्तकं संध्याकाळी परतीच्या पडद्यावर स्कॅन केली की तो वापर त्या प्रतीच्या नावे जमा होतो. नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) समिती यायच्या आठवड्यात हे आकडे सगळ्यांना हवे असतात. आठवड्याआधी स्कॅनिंग सुरू करून ते मिळत नाहीत.

सत्राच्या शेवटी यादी पुसू नका, बंद करा. 'एनेबल्ड'वरची टिक काढून जतन केलं की सगळ्या प्रती आपल्या मूळ प्रकारात आणि जागी परत जातात, यादी मात्र शाबूत राहते. पुढच्या वर्षी टर्म बदलून पुन्हा टिक केली की त्याच प्रती परत रिझर्व्हमध्ये येतात. त्याआधी यादीवरून एकदा नजर फिरवायची: मधल्या काळात हरवलेल्या, रद्द झालेल्या प्रती काढायच्या, पानांचे आकडे नव्या आवृत्तीशी जुळवायचे, आणि बदलून गेलेल्या प्राध्यापकांच्या जागी नवं नाव टाकायचं. ज्या दिवशी टिक काढाल त्याच दिवशी कपाट रिकामं करून पट्ट्या काढा. नाहीतर ओपॅक सांगतो पुस्तक तिसऱ्या रॅकवर आहे, विद्यार्थी तिसऱ्या रॅकवर शोधतो, आणि पुस्तक काउंटरमागे लाल पट्टीसकट उभं असतं.